अनुभव कुणाच्या नावावर?

संप्रदाय सोडला की बरंच काही सोडता येतं. गुरुवारची बैठक, गळ्यातली माळ, भिंतीवरचा फोटो. ध्यानात आलेला अनुभव मात्र सोडता येत नाही. डोळे मिटल्यावर उजेड दिसला होता, अंग हलकं झालं होतं, कारण नसताना रडू आलं होतं. तेव्हा सगळे म्हणाले, 'गुरुकृपा!' अनुभव माणसाचा, पण सातबारा संप्रदायाच्या नावावर. आता गुरूवरची श्रद्धाच उडाली, तर तो उजेड कुठून आला होता?

या प्रश्नाशी झगडताना मी पुन्हा पुन्हा जे. कृष्णमूर्तींकडे वळतो. इतरांनी संघटना सोडल्या. यांनी इतरांनी यांच्यासाठी उभारलेली संघटनाच मोडली. १९०९ साली अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर थिऑसॉफी या गूढवादी चळवळीतले लेडबीटर यांनी या मुलाला हेरलं. जगद्गुरू मैत्रेय याच्याच देहातून बोलणार, असं थिऑसॉफिस्टांनी ठरवलं आणि १९११ मध्ये 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' स्थापन झाली.

ऑगस्ट १९२२, कॅलिफोर्नियातलं ओहाय. थिऑसॉफिस्ट ज्यांना अदृश्य गुरू मानत त्या महात्म्यांचा निरोप लेडबीटरमार्फत नुकताच मिळालेला, त्यामुळे कृष्णमूर्ती रोज सकाळी नेमानं ध्यानाला बसत होते. एक दिवस मानेवर गाठ आली, असह्य दुखू लागलं, अंगाची आग होऊ लागली, शुद्ध हरपू लागली. त्या दिवसांतला एक अनुभव त्यांनी लिहून ठेवलाय. रस्ता दुरुस्त करणारा माणूस त्यांना दिसला. तो माणूस आपणच, त्याच्या हातातली कुदळ आपणच आणि तो फोडत असलेला दगडही आपणच, असं त्यांना झालं. पुढे मैत्रेय दिसले, महात्मा कुथुमी दिसले.

प्रथम वाचलं तेव्हा मला निवाडा सोपा वाटला. मैत्रेय शिकवणीतून आले. कुदळ कुठल्याच पोथीत नव्हती, म्हणजे ती अस्सल. पण हा निवाडा फार टिकत नाही. सगळं जीवन एकच आहे, हे तर थिऑसॉफीचं मूळ सूत्र. कुदळीकडे जाणारी वाटही तिथूनच निघत होती. आपल्याकडे तरी काय वेगळं? १२९० मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होण्याचं इतकं बारकाईनं वर्णन आहे, की प्रवचनं ऐकत वाढलेल्या साधकाच्या पाठीच्या कण्यात झिणझिण्या आल्या तर त्याला दुसरं काही सुचायचं नाही.

मग सगळा सूचनेचाच प्रभाव? कॅनडातल्या मायकेल पर्सिंजर यांनी सौम्य चुंबकीय क्षेत्राचं हेल्मेट डोक्यावर चढवून, 'जवळ कुणीतरी आहे' असा भास मेंदूत निर्माण करता येतो, असा दावा केला होता. स्वीडनच्या पेर ग्रानक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या अभ्यासात तो तपासला. चुंबक चालू की बंद, हे ना बसणाऱ्याला ठाऊक होतं, ना प्रयोग घेणाऱ्याला. चुंबकानं काहीच फरक पडला नाही. जी माणसं सूचनेला लवकर वश होतात, त्यांनाच अनुभव अधिक आले. आश्रमातला उजेड आठवणाऱ्याला हे वाचून चरचरणारच. तरी यातून रूप कसं ठरतं एवढंच कळतं. असं काही घडण्याची सोय माणसात मुळात का आहे, हे कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ सालीच सांगितलं होतं की अशा अनुभवांची किंमत मुळावरून करू नये, फळावरून करावी. म्हणणं शहाणपणाचं आहे. पण संप्रदायातून बाहेर पडलेल्याला पहिलं फळ मिळालेलं असतं ते ताबेदारीचं. त्याला मुळाशी जायचं असतं ते तत्त्वज्ञानाच्या हौसेनं नव्हे; आपल्याला फसवलं की आपल्याला काही सापडलं होतं, हे त्याला जाणून घ्यायचं असतं.

कृष्णमूर्तींची तीच अवस्था झाली असावी. भाऊ नित्या वाचेल अशी हमी महात्म्यांच्या नावानं मिळालेली असताना नोव्हेंबर १९२५ मध्ये तो गेला. ३ ऑगस्ट १९२९ ला नेदरलँड्समधल्या ऑमेन इथं हजारो अनुयायांसमोर त्यांनी ऑर्डर विसर्जित केली. वेदना मात्र विसर्जित झाल्या नाहीत. १९६१ मध्ये लिहायला घेतलेल्या आणि १९७६ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या नोंदवहीत डोक्यातली तीच कळ, मानेतला तोच ताण वारंवार येतो, आणि त्यासोबत येणारं काहीतरी अफाट. कुथुमी गायब आहेत.

इथवर गोष्ट माझ्या मनासारखी चालते. चौकट गेली, अनुभव उरला. म्हणजे तो चौकटीचा नव्हता. पण वयाच्या विशीत अंगात मुरलेली गोष्ट साठीतही अंगात असू शकते. शरीर राजीनामा देत नाही.

आणि मग फेब्रुवारी १९८६. मृत्यूच्या दहा दिवस आधी कृष्णमूर्ती ध्वनिमुद्रणात सांगतात की सत्तर वर्षं एक प्रचंड ऊर्जा, एक प्रचंड प्रज्ञा हा देह वापरत होती. देह हे वाहन, वापरणारा दुसराच कुणी: लेडबीटर यांची मांडणी हीच होती. फक्त मैत्रेयांचं नाव गळालंय. चरित्रकार मेरी लट्येन्स यांनी याचा उगम काय असं विचारलं होतं, तेव्हा त्यांनी हे मी शोधू शकत नाही, इतरांनी शोधावं, असा सूर लावला. जन्मभर लोकांना 'दुसऱ्याचं ऐकू नका, स्वतः पाहा' म्हणणाऱ्यानं हा एकच प्रश्न दुसऱ्यांवर सोपवावा, हे मला प्रामाणिकही वाटतं आणि सोयीचंही.