गती कोणी दिली?



कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड हे गाव आपल्या बेळगाव-निपाणीकडील वाचकांना ठाऊक असेलच. तेथे १९५६ साली जन्मलेले व हुबळीस वाढलेले श्रीनिवास कुलकर्णी १९८२ साली अमेरिकेत बर्कली येथे संशोधक विद्यार्थी होते. डॉन बॅकर व इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पोर्तो रिको बेटावरील आरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने एक तारा शोधून काढला. तो स्वतःभोवती एका सेकंदात ६४२ वेळा फिरतो!

हा न्यूट्रॉन तारा होय. मोठा तारा स्फोट होऊन संपला म्हणजे त्याचा गाभा आत कोसळतो, आणि सूर्याहून अधिक वस्तुमान सुमारे वीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबले जाते. दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याच्या रेडिओलहरी फिरत असतात. झोत पृथ्वीवरून गेला की दुर्बिणीत एक ठोका उमटतो. असे ठोके प्रथम १९६७ साली केंब्रिज येथे जोसलिन बेल या विद्यार्थिनीच्या ध्यानात आले. (त्या शोधाचे १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते तिच्या मार्गदर्शकांना.)

असा तारा जन्मतः वेगाने फिरतो, मग मंदावत जातो. १०५४ साली ज्याचा स्फोट लोकांनी डोळ्यांनी पाहिला, तो खेकडा तेजोमेघातील तारा आज सेकंदाला तीस वेळा फिरतो. मग ६४२ वेळा फिरणारा तर अगदी तान्हाच असावा! पण त्याच्याभोवती स्फोटाचे अवशेष नव्हते, आणि त्याचा वेग जवळजवळ कमी होतच नव्हता. तारा म्हातारा होता. शास्त्रज्ञांनी उलगडा केला तो असा: थकलेल्या ताऱ्यावर जोडीदार ताऱ्याचे द्रव्य दीर्घकाळ ओघळत राहिले, आणि कुंभार काठीने चाकाला फिरवतो तसे त्याने त्याला पुन्हा फिरवले.

येथेच थांबून थकलेल्यांना मिळणाऱ्या नव्या बळावर बोलावे, असे आम्हांला वाटले होते. पण तो जोडीदार कोठे आहे? हा तारा आज एकटाच आहे. १९८८ साली सापडलेल्या अशाच दुसऱ्या ताऱ्याला जोडीदार आहे; मात्र ज्याला त्याने गती दिली, त्याच्याच प्रखर माऱ्याने त्याची वाफ होत चालली आहे. जोडीदाराला खाणाऱ्या कोळिणीचे नाव शास्त्रज्ञांनी त्या ताऱ्याला दिले आहे.

ताऱ्याला जाण नाही, म्हणून त्याला दोषही नाही. आपल्याला जाण आहे. पौल तीमथ्याच्या विश्वासाविषयी लिहितो तेव्हा लोईस आजीचे व युनीके आईचे नाव घ्यायला विसरत नाही (२ तीमथ्य १:५).

आमच्या मंडळीत एका बाईंनी तीस वर्षे रविवारची शाळा चालवली. नवी पुस्तके त्यांना जमणार नाहीत म्हणून गेल्या वर्षी आम्हीच त्यांना सांगितले, "बाई, आता विश्रांती घ्या." सांगणारे आम्ही चौघे शिक्षक त्यांच्याच वर्गात वचने पाठ करून मोठे झालेलो! निरोपाचे दोन शब्दही कोणी बोलले नाही. त्या हल्ली शेवटच्या बाकावर बसतात आणि उपासना संपताच निघून जातात.

येत्या रविवारी दुपारी आम्ही चौघे त्यांच्या घरी जाणार आहोत. काय बोलावे ते अजून ठरलेले नाही.