बुटक्याचा आवाज

माझी उंची पाच फूट. त्यामुळे अंबाजोगाईच्या गणेशोत्सवातल्या नाटकांत हयातभर मला एकच काम मिळालं, विनोदी गड्याचं. मी नुसता रंगमंचावर आलो की लोक हसायचे. पाठांतराचे कष्ट वाचायचे, एवढाच काय तो फायदा!

यंदा दिवाळीत पुण्याचा नातू 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' घेऊन आला. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, त्याच्यासारखं बोलायचं आणि फासे टाकायचे. मला म्हणाला, "आबा, तुम्ही हाफलिंग व्हा." हाफलिंग म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे लोक, टॉल्किननं १९३७ साली पुस्तकात आणलेल्या हॉबिटांचे भाऊबंद. मी लगेच चिरका आवाज काढला, दोनदा धडपडूनही दाखवलं.

नातू हसला नाही. "आबा, तो उंचीनं कमी आहे. वेडा कुठंय?"

आता काय बोलणार? महाभारतात अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी सगळे मिळून पळसाची एक काडी ओढत होते. गाईच्या खुराएवढ्या डबक्यात त्यांची त्रेधा उडालेली पाहून इंद्र हसला. त्यांनी दुसराच इंद्र निर्माण करायला यज्ञ मांडला, तेव्हा या इंद्राची पाचावर धारण बसली. ही गोष्ट मी वर्गात किती रंगवून सांगायचो! आणि हाती बुटका मिळताच मीच इंद्र झालो.

मग मी माझ्या साध्या आवाजात बोललो. कुणी हसलं नाही. खरं सांगू? जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं.