कोरा रकाना

घड्याळ घरी आल्यावर त्याच्या डबीचे काय करावयाचे, हा प्रश्न आमच्या लहानपणी पुण्याच्या पेठांतून कोणाच्याही घरी फार वेळ शिल्लक राहत नसे. डबी मजबूत असली तर तीत सुया, दोरे आणि सदऱ्याची तुटलेली बटणे जात. जरा देखणी असली तर देवघरात कापसाची वस्त्रे ठेवण्याकडे तिची नेमणूक होई. हमीचा कागद आणि पावती ही विजेच्या बिलांबरोबर तारेत ओवली जात. घड्याळ वेळ दाखविण्यासाठी आणि डबी ते दुकानातून घरी सुखरूप आणण्यासाठी. यापलीकडे त्या डबीला काही अर्थ असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आता तो अर्थ आला आहे, आणि तो रुपयांत मोजला जातो. विलायतेत ही गोष्ट जुनीच आहे. रोलेक्सचे किंवा ओमेगाचे जुने घड्याळ मूळच्या डबीसह व कागदांसह असले तर ते नुसत्या घड्याळाहून बरेच महाग जाते. इतकेच नव्हे, तर रिकाम्या डब्यांचा आणि सुट्या कागदांचाही तेथे स्वतंत्र बाजार आहे. नवल एवढेच की हा वारा आता आमच्या एचएमटीलाही लागला. बंगळूरच्या या सरकारी कारखान्याने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे काढण्यास आरंभ केला, आणि 'जनता', 'पायलट', 'कांचन' ही नावे घरोघर झाली. मॅट्रिक झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला, निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कला द्यावयाचे ते हेच. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला, आणि तेव्हापासून ज्या वस्तूकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते ती लोक जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी शोधू लागले. घड्याळे पुष्कळ निघाली. डब्या निघाल्या नाहीत. कारण त्यांत सुया होत्या.

आमच्या घरातील डबीतही सुयाच होत्या. वडिलांनी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून १९७३ साली घेतलेल्या 'जनता' घड्याळाची ती डबी. घड्याळ १९९१ साली पालखीच्या गर्दीत मनगटावरून गेले ते गेलेच. डबी राहिली, आणि तिच्या तळाशी चौघडी घातलेला हमीचा कागदही राहिला. गेल्या महिन्यात एक परिचित तरुण गृहस्थ, स्वभावाने अत्यंत सभ्य, काही कामानिमित्त आमच्याकडे आले असता त्यांची दृष्टी त्या डबीवर गेली. डबीचे त्यांनी पाचशे रुपये सांगितले. कागद उलगडून दाखविला तेव्हा दीड हजार म्हणाले. त्यावर दुकानाचा शिक्का आहे, तारीख आहे, वडिलांचे नाव आहे. मात्र घड्याळाच्या क्रमांकाचा रकाना दुकानदाराने कोराच सोडला आहे. आम्ही हे वैगुण्य म्हणून निदर्शनास आणले. त्यांचा चेहरा उजळला, आणि ते तीन हजार म्हणाले.

त्या उजळण्याचा अर्थ आमच्या ध्यानात येण्यास थोडा वेळ लागला. क्रमांक लिहिलेला कागद एकाच घड्याळाचा असतो. कोरा रकाना वाटेल त्या घड्याळाचा होऊ शकतो.

या व्यवहारास हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. संग्राहक पुठ्ठ्याला पैसे देत नाही. तो खात्रीला पैसे देतो. आमच्या देशातील जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून, एकाचे काटे दुसऱ्यास लावून, तिसऱ्याच्या कवचात बसवून ती परदेशी इतकी पाठविली गेली की तिकडच्या शोकिनांनी अशा मालास 'मुंबई स्पेशल' हे नाव देऊन टाकले आहे. (हे बिरुद पुण्याच्या वाट्यास आले नाही, याचा आनंद मानण्याइतके आम्ही संकुचित नाही, पण नोंद करण्याइतके आहोत.) जेथे घड्याळाच्या तोंडावर विश्वास ठेवता येत नाही, तेथे लोक त्याच्या कागदाकडे पाहतात. जिनेव्हाची पाटेक फिलिप कंपनी आपल्या दप्तरातून अमुक क्रमांकाचे घड्याळ केव्हा बनले व केव्हा विकले गेले याचा उतारा देत आली आहे; सामान्य गृहस्थाच्या 'जनता' घड्याळास असा साक्षीदार कोठला? त्याला तो दुकानाचा जांभळा शिक्काच. तेव्हा डबी-कागदांचा भाव चढतो आहे याचा अर्थ आम्ही असा करतो की विक्रेत्याच्या शब्दाचा भाव उतरला आहे. घड्याळजी 'हे मूळचेच आहे' म्हणाला आणि गिऱ्हाईकाने ते मानले, तर पुठ्ठ्याला पाचशे रुपये कोण देईल?

कागदाचे हे सामर्थ्य पुण्यास नवीन नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती अधिकार आले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटलेली जमीन सनद दाखविता न आल्यामुळे कित्येकांच्या हातून गेली. जमीन तीच होती, कसणारे हात तेच होते, कागद नव्हता. पुढे राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळीतून दप्तरे मिळविली, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड छापला, आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्या परंपरेने आम्हांला कागदाकडे पाहण्याची शिस्त लावली. कागद अस्सल आहे, नक्कल आहे की बनावट आहे, हे अक्षर, शिक्का, मिती यांचा मेळ घालून ठरवावयाचे. आमच्या डबीतील कागद या कसोटीस लावला तर तो निःसंशय अस्सल ठरतो. शाई खरी, शिक्का खरा, नाव खरे.

आणि तरीही तो उद्या खोटे बोलू शकतो. एका गावची अस्सल सनद दुसऱ्या गावच्या शेतावर लावावी, तसा हा प्रकार. बनावट कागदात निदान बनविणाऱ्याचा हात कोठे तरी कापतो आणि जाणत्यास ते दिसते. येथे हात कापण्याचे कारणच नाही. अस्सल, नक्कल आणि बनावट यांच्या पलीकडचा हा चौथा वर्ग आहे, आणि त्याला आमच्या शास्त्रात नाव नाही.

सभ्य गृहस्थांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. त्यांच्यापाशी त्याच सालचे, त्याच जातीचे, नागरी अंकांच्या तबकडीचे 'जनता' आहे. तेही कोणाच्या तरी वडिलांचेच असणार. त्याला घर नाही, आमच्या घराला घड्याळ नाही. दोहोंची गाठ घालून दिली तर कोणाचे काय बिघडते? घेणाऱ्यास आनंद, देणाऱ्यास तीन हजार. हा युक्तिवाद पोकळ नाही. आम्ही त्या रकमेचा दोन दिवस विचार केला, हे लपविण्यात अर्थ नाही.

याच दोन दिवसांत आम्ही शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक फेरी मारून आलो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे अशा घरगुती वस्तू जमविल्या आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी त्याला दिले आहे. तेथील अडकित्त्यांना डब्या नाहीत की हमीपत्रे नाहीत. धारा बोथटलेल्या आहेत, दिव्यांवर काजळी आहे. तेथे झीज हाच वस्तूचा कागद आहे. आमच्या पाहुण्यांच्या जगात मात्र न वापरलेल्या डबीला मान अधिक. ज्या घराने डबीला सुयांच्या कामाला लावले त्याने तिचे नुकसान केले, असा हिशेब. आम्हांस हा हिशेब उलटा वाटतो. पण बाजारभाव आमच्या वाटण्यावर ठरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली पॉल न्यूमन या नटाचे स्वतःचे रोलेक्स सुमारे १ कोटी ७७ लक्ष डॉलरांस विकले गेले. त्याच्या पाठीवर, गाडी जपून चालव, अशा अर्थाचे शब्द पत्नीने कोरून घेतले होते. तितकी किंमत घड्याळाची नव्हती, ती त्या माणसाची होती. आणि ती देणाऱ्याने खऱ्याच माणसासाठी दिली. आमच्या वडिलांच्या नावाला तीन हजार आले म्हणून आम्ही दुःखी नाही. पण रकाना भरला गेला की त्या कागदावर आमचे वडील एका अशा घड्याळाचे धनी ठरणार, जे त्यांनी कधी हातात बांधले नाही; आणि ही साक्ष ते स्वतः नाकारूही शकणार नाहीत. घेणारा फसेल ही गोष्ट वेगळी. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणे, हे आम्हांस त्याहून जड गेले.

वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. नमुन्यातील रकाना कोरा सोडू नये, आपण सोडला तर दुसरा कोणी भरतो, असे ते नव्या उमेदवारांस सांगत. काही लिहावयाचे नसेल तेथेही ते 'निरंक' लिहीत. हा एक रकाना त्यांच्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. नव्या घड्याळाचा आनंद असावा.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या रकान्यात शाईने 'निरंक' लिहिले. रविवारी गृहस्थ आले, त्यांनी कागद पाहिला, थोडा वेळ स्तब्ध राहिले, आणि मग म्हणाले, कागदाचे राहू द्या, डबीचे पाचशे अजूनही देतो. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी, मग सुया कशात ठेवावयाच्या, असे विचारले.