चारित्र्याची ऐपत

आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई एकदा कणीक मळता मळता बोलून गेली, "छोड़ के भाग गे, त मैं दूसर चूरी पहिर लेंव." नवरा सोडून पळाला, मग मी दुसरी बांगडी भरली. आवाजात ना कढ होता, ना लाज. तिची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. दुसऱ्या नवऱ्याने पोरीला आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. आज ती नववीत आहे.

त्याच आठवड्यात रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी दुसऱ्या एका मुलीचा विषय निघाला. नात्यातलीच. बंगळुरूला चांगल्या नोकरीवर आहे. एकाबरोबर लग्नाशिवाय राहिली, ते नातं तुटलं, आणि पोटातलं मूल वाढवायचं तिने ठरवलं. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढं शिकून हेच करायचं होतं का?" आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "असो. पगार चांगला आहे, हिचं निभेल." मी तिला आमच्या बाईची हकिगत सांगितली. आत्याने मान हलवली. "अगं, त्यांच्यात चालतं."

"हिचं निभेल" आणि "त्यांच्यात चालतं" ही दोन वाक्यं तेव्हापासून माझ्या मनातून जात नाहीत. आत्या मनाने वाईट नाही, ती आपल्या सगळ्यांचंच बोलत होती. एकीला सूट मिळाली ती पगारामुळे. दुसरीला मिळाली ती आपण तिला आपल्या खालची मानतो म्हणून. दोघींनी काय सोसलं, कुठला निर्णय कसा घेतला, याची चौकशी कुणी केलीच नाही. आपण ज्याला चारित्र्याची चर्चा म्हणतो, ती बहुतेक वेळा ऐपतीची चर्चा असते, असं माझं म्हणणं आहे. रायपूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे इतर कुणापेक्षा लवकर दिसायला हवं.

कारण आपण ज्या भूमीत राहतो तिथे "पूर्वी असलं काही नव्हतं" हे वाक्य टिकतच नाही. छत्तीसगढच्या मैदानी भागातल्या बहुसंख्य शेतकरी, कारागीर आणि दलित जातींमध्ये पहिलं लग्न थाटाने व्हायचं, पण ते जन्माचं बंधन नव्हतं. विधवेला, टाकलेल्या बाईला, स्वतः नवरा सोडून आलेल्या बाईलाही चूरी पहिरून नवा संसार मांडता येई. मुलगी आपणहून मुलाच्या घरात येऊन बसली तर त्याला पैठू म्हणत. दोघं पळून गेली तर उढरिया. प्रत्येक गोष्टीला नाव होतं, म्हणजेच जागा होती. दक्षिणेला बस्तरमध्ये मुरिया गोंडांच्या घोटुलात, म्हणजे युवागृहात, तरुण मुलंमुली एकत्र वाढत. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने 1947 साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि पुढे बाहेरच्या लोकांनी घोटुल म्हणजे चवीने बघायचा तमाशा करून टाकला.

याला सुवर्णयुग ठरवायची मला घाई नाही. चूरीच्या व्यवहारात पहिल्या नवऱ्याला पैसे मोजावे लागत, मुलं बहुधा बापाची मानली जात, आणि पुरुषाला घरात दुसरी आणायची मोकळीक बाईपेक्षा नेहमीच जास्त होती. तरीही एक फरक राहतोच. नवरा गेला म्हणून बाईचं आयुष्य संपलं, असं इथे मानत नव्हते.

आपल्याकडे मानत होते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथवर पोचली, पुढे मध्यप्रांतात रायपूरचा कारभार नागपूरहून चाले, आणि 1956 पर्यंत राजधानी तीच राहिली. त्या वाटेने आलेल्या मराठी घरांनी विद्या आणली, नाटक आणलं, गणपती आणला. सोबत सोवळ्या विधवाही आणल्या. ज्या महाराष्ट्रातून ही घरं आली, तिथे फुले दांपत्याने 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. वाट चुकलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल मारू नये, यासाठी. तिथेच बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. 1881 मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. त्या खटल्यावरून बायकांच्या अब्रूवर जी चिखलफेक झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. मूल मारण्याची वेळ कुणावर येत होती? जिला दुसरी बांगडी भरायची सोय नव्हती तिच्यावर. जात जितकी वर, तितकी अब्रू महाग, आणि ती किंमत बाईने चुकवायची.

या दोन जगांमध्ये उभी राहिलेली एक बाई रायपूरने पाहिली आहे. तिच्या नावाचं सरकारी कन्या महाविद्यालय शहरात आहे, पण तिथल्या मुलींनाही तिची गोष्ट क्वचितच माहीत असते. राधाबाई 1875 मध्ये नागपुरात जन्मल्या. बालपणी लग्न, मग वैधव्य. 1918 मध्ये त्या दाई म्हणून रायपूरला आल्या, आणि बाळंतपणं करता करता लोक त्यांना डॉक्टर म्हणू लागले. ती पदवी लोकांनी दिलेली होती. 1930 नंतरच्या सत्याग्रहांत त्या तुरुंगात गेल्या. ज्या किसबिन नाचात घरच्याच मुलींना पैशांसाठी पुरुषांपुढे उभं केलं जाई, त्याविरुद्ध त्यांनी लोकांना समजावलं. 1950 मध्ये त्या वारल्या. दाईच्या हातात येणारं प्रत्येक मूल सारखंच ओलं आणि उघडं असतं. मला त्यांच्या आयुष्याचा हा धडा वाटतो: किसबिनचा नाच बंद व्हावा असं त्यांना वाटलं ते बाई बाजारात उभी केली जाते म्हणून. नैतिकतेचा प्रश्न त्यांनी जबरदस्तीच्या बाजूने विचारला. आपण तो अजून अब्रूच्या बाजूने विचारतो.

मग शिक्षण आलं, नोकरी आली, तेव्हा काय झालं? रायपूरहून तासाभराच्या अंतरावर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. सोव्हिएत मदतीचा करार 1955 चा, पहिली झोतभट्टी 1959 ची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 1990 च्या दशकापासून तिथल्या कामगारांमध्ये राहून अभ्यास केला. त्यांच्या लिखाणातलं एक निरीक्षण आपल्या सगळ्या समजुती उलट्या करतं. कारखान्याच्या पक्क्या नोकरीतल्या, शिकलेल्या कामगारांमध्ये लग्न मोडणं कमी झालं, बायको सोडणं आणि दुसरी चूरी हे गावंढळ वाटू लागलं. ठेकेदाराकडच्या रोजंदारी मजुरांमध्ये मात्र जुनी रीत चालू राहिली. एकाच गावची, एकाच जातीची माणसं, पण क्वार्टर आणि दवाखाना ज्याला मिळाला त्याचं लग्न आवळलं गेलं. म्हणजे शिक्षणाने आधी बंधनं सैल केली नाहीत. आधी ती घट्ट केली. सैलपणा आला तो पुढच्या पिढीत, आणि अगदी वरच्या थरात.

आकडेही आपला गर्व उतरवणारे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली, त्यांचं प्रमाण छत्तीसगढमध्ये 12.1 टक्के आहे, महाराष्ट्रात 21.9. 2011 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे छत्तीसगढमध्ये 969 मुली होत्या, महाराष्ट्रात 894. याला एकच कारण नाही. पण "त्यांच्यात चालतं" म्हणणाऱ्यांनी आपल्यात काय चालतं तेही पाहावं.

आज तो वरचा थर रायपूरमध्येही आहे. राष्ट्रीय संस्था, मोठी रुग्णालयं, विधी विद्यापीठ, नवा रायपूरमधल्या कचेऱ्या. बाहेरून आलेली मुलंमुली खोल्या शोधतात आणि "सिर्फ फैमिली" हे उत्तर ऐकतात. लग्नाआधीचे, लग्नाचा विचारही नसलेले संबंध त्यांच्या बोलण्यात येतात. मला अशा संबंधांचं कौतुक नाही, आणि धास्तीही नाही. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते आणि त्यासाठी कोर्टात उभे राहिले. 1934 मध्ये त्यांची वकिली डॉ. आंबेडकरांनी केली होती. शरीराबद्दल मोकळेपणाने बोलणं आपल्या भाषेला नवं नाही. मी एकच कसोटी लावते: दोघांनाही नाही म्हणता येतं का, आणि उद्या काही झालं तर ओझं दोघांवर पडतं का?

ही कसोटी लावली की वर्ग लगेच पुढे येतो. पगार असलेली, शहरात एकटी राहणारी मुलगी नातं मोडून निघू शकते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलं की गर्भपाताच्या 24 आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही. हे तिला माहीत असतं, डॉक्टरही माहीत असते. यवतमाळच्या झरी जामणी भागातल्या कोलाम आदिवासी मुलीचं काय? बाहेरून आलेल्या ठेकेदार-व्यापाऱ्यांनी फसवलेल्या त्या मुलींना सरकारी कागदांत 'कुमारी माता' म्हटलं जातं. बंगळुरूची ती 'सिंगल मदर'. एका शब्दात निवड ऐकू येते, दुसऱ्यात दया. त्या दयेत बापाचं नाव कुठेच नसतं.

इथल्या वर्तमानपत्रांत रोज एक ठरलेला मथळा असतो: "शादी का झांसा देकर", म्हणजे लग्नाचं आमिष दाखवून. फसवणूक खरी असते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 मध्ये तिला शिक्षाही आहे. पण जिथे संमती बोलून दाखवायला शब्दच नाहीत, तिथे तुटलेलं प्रत्येक नातं पोलीस ठाण्यातच बोलकं होतं. बिलासपूरचं छत्तीसगढ उच्च न्यायालयही या घालमेलीत आहे. 2024 मध्ये त्याने म्हटलं की लग्नाशिवायचं सहजीवन आपल्या संस्कृतीत कलंक मानलं जातं. 2025 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की पत्नीवर कौमार्य चाचणी लादणं हा तिच्या प्रतिष्ठेवर घाला आहे. दुसरा निर्णय वाचून मला धीर आला. पहिला वाचून वाटलं, ज्या राज्यात पैठूला नाव होतं, तिथे हा कलंक कुणाच्या संस्कृतीतून आला?

शिक्षणाकडून माझी अपेक्षा साधी आहे. अब्रू कशी राखावी हे शिकवणं थांबवावं आणि नाही कसं म्हणावं, दुसऱ्याचं नाही कसं ऐकावं, हे शिकवावं, मुलग्यांना आधी. दिवस गेलेल्या मुलीची शाळा सुटू नये. आणि मुलाच्या कागदांवर आईचं नाव पुरेसं असावं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता पालकत्व मागण्याचा हक्क मान्य केला, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा असं सांगितलं. पासपोर्टला 2016 पासून एका पालकाचं नाव चालतं. महाराष्ट्राने 2024 मध्ये सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलं. वरच्या कागदांची वाट मोकळी होते आहे. खालच्या कागदांची नाही.

आमच्या बाईच्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा होता. दाखल्यासाठी 1950 च्या आधीची मिसल मागितली गेली, म्हणजे जुन्या महसुली नोंदीतला पूर्वज, आणि त्याच्यापासून खाली बापापर्यंतची वंशावळ. पळून गेलेल्या बापाचे भाऊ कागद द्यायला तयार नाहीत. ज्याने वाढवलं त्याचं नाव शाळेत आहे, पण रक्त त्याचं नाही. आईची जात तीच, तिच्या आजोबांची मिसल गावात आहे, ती मात्र कुणी विचारत नाही. तीन खेपा झाल्या. दर खेपेला तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली. जिला समाजाने सहज दुसरी बांगडी भरू दिली, तिला सरकारी टेबलाने अडवलं. बंगळुरूच्या मुलीचं उलटं: कागद सोपे, नातेवाईक कठीण. एकीचं निभेल आणि दुसरीचं चालतं, असं म्हणून आपण दोघींपासून सुटका करून घेतली, म्हणून दोघी एकट्या पडल्या.

परवा ती मुलगी फॉर्म घेऊन आमच्या ओट्यापाशी आली. पेन वडिलांच्या नावाच्या रकान्यावर थांबलेलं. "दीदी, इहाँ काकर नाँव लिखँव?" इथे कुणाचं नाव लिहू? मी म्हटलं, जिने वाढवलं तिचं लिही. तिने वळणदार अक्षरात आईचं नाव लिहिलं. चौथ्या दिवशी अर्ज परत आला, रकान्याभोवती लाल शाईचं वर्तुळ. आईने हात पुसले, कागद उजेडात धरून पाहिला. तिला वाचता येत नाही, पण वर्तुळातलं आपलं नाव तिला ओळखू आलं.

"फेर भरबो," ती म्हणाली. पुन्हा भरू.