स्नान आणि तहान

आषाढीला चंद्रभागेत पाय टाकला की वाटेचा सारा शीण जातो, हा आपणा सर्वांचा अनुभव. पण पायाखालचे पाणी आले कुठून, हे आपण क्वचितच विचारतो. पाऊस लांबला की ते उजनी धरणातून सोडलेले असते. 1980 साली पुऱ्या झालेल्या या धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठ्याचे. 2016 च्या दुष्काळात आणि 2024 च्या उन्हाळ्यात धरण त्या मृतसाठ्यात उतरले. उलट ऑक्टोबर 2020 मध्ये त्याच भीमेच्या पुराने पंढरीचे घाट बुडवले.

एकाच नदीची ही दोन रूपे कशी? हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस ओढ देतो तेव्हा जमीन लवकर सुकते, धरणाचे पाणी उन्हाने उडते. आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो.

कुणी म्हणेल, "महाराज, हे प्रारब्धच! पांडुरंगाची इच्छा." आम्हाला हे पटत नाही. प्रारब्ध भोगून संपवावे लागते. पण कोळसा नि तेल जाळून हवा तापवणे हे आजचे क्रियमाण; ते आवरणे आपल्या हाती आहे. आपल्या हातचे कर्म देवाच्या माथी मारायचे, ही कसली भक्ती?

खरी अडचण पुढेच आहे. इथे करणारा एक आणि भोगणारा दुसरा. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याने फारसे काही जाळले नाही, त्याचीच विहीर आधी आटते. त्याच्यापुढे कर्माचा हिशेब मांडणे निष्ठुरपणाचे. तिथे दयाच हवी.

मग टंचाईच्या वर्षी स्नानासाठी पाणी मागावे का? सोडलेले पाणी वाटेतल्या गावांची तहानही भागवते, हे खरे. वीस दिवस चालून आलेल्या म्हातारीची आसही खोटी नव्हे. पण दोन्हींत निवडायची वेळ आली तर? नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आपण कीर्तनात डोलत ऐकतो. तिचा अर्थ अशा वर्षासाठीच आहे. तेव्हा आपण तांब्याभर पाण्याने मार्जन करावे आणि बुडी पुढच्या वारीला राखावी. देव विटेवर उभाच आहे; तहानलेल्याला मात्र थांबायला सांगता येत नाही.

रामकृष्णहरि.