पत्ता यंत्राचा नव्हे, जागेचा

अनेक शाखांची एखादी संस्था आयपीव्ही६कडे वळते, तेव्हा तिच्या आराखड्यात एक ओळ बहुधा ठरलेली असते : ‘प्रत्येक शाखेस एक स्लॅश ६४ पुरेसा.’ पुरवठादार ती सुचवतो, सल्लागार तिला दुजोरा देतो आणि कोणी शंका काढलीच, तर २०११च्या आरएफसी ६१७७कडे बोट दाखवले जाते. स्लॅश ४८ वाटण्याची जुनी उधळपट्टी त्या वर्षी थांबली, आता पत्ते जपून वापरायचे, असे त्यावरचे स्पष्टीकरण. हे वाचन चुकीचे आहे. ज्या दस्तऐवजाचा आधार घेतला जातो, तो नेमके याच्या उलट सांगतो.

अ, ब, क वर्गांचा काळ, पोस्टेल यांनी सांभाळलेली नोंदवही, १९९३मध्ये आलेला सीआयडीआर, मग एकेका खंडासाठी उभ्या राहिलेल्या नोंदणीसंस्था हा सगळा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. त्यातली एकच गोष्ट इथे हवी. आयपीव्ही४च्या जगात वाटपाचे माप यंत्र हे होते. १९९६च्या आरएफसी २०५०ने ते आकड्यांत बांधले : मिळालेल्या पत्त्यांपैकी २५ टक्के लगेच वापरात हवेत, ५० टक्के वर्षभरात. किती संगणक आहेत, किती येणार आहेत, हे सिद्ध करा आणि तेवढेच घ्या. पत्ते मुळात सव्वाचारशे कोटींच्या आसपास, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता.

अनेक ठिकाणी पसरलेल्या संस्थांची या मापाने कोंडी केली. एका शहरातल्या केंद्राचे पत्ते संपलेले आणि दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे शिल्लक, पण हिशेब मात्र संस्थेचा एकत्र. शिल्लक पत्ते उचलून दुसरीकडे न्यावेत, तर दोन्ही केंद्रांचे जोड वेगळे आणि त्यांचे मार्ग जगाला वेगवेगळे जाहीर केलेले. म्हणून उत्तर अमेरिकेच्या एरिन या नोंदणीसंस्थेने स्वतंत्र नेटवर्कांसाठी वेगळा नियम केला : भौगोलिक अंतर, कायद्याची बंधने किंवा स्वतंत्र जोडणी यांपैकी काही दाखवता आले, तर प्रत्येक नेटवर्कची गरज वेगळी पाहिली जाईल. ‘जागा’ हे एकक असे अपवादाच्या दाराने नियमांत शिरले.

२००१च्या आरएफसी ३१७७ने अपवादाचा नियम केला. सर्वसाधारणपणे प्रत्येक जागेला स्लॅश ४८. एकच सबनेट लागणार हे रचनेतूनच निश्चित असेल तर स्लॅश ६४. एकच उपकरण असल्याची पक्की खात्री असेल तर एकच पत्ता. एका स्लॅश ४८मध्ये ६५,५३६ सबनेट बसतात. हे ऐकून आजही लोक दचकतात. पण एकूण अवकाशाच्या, त्या वेळी वाटपासाठी खुल्या केलेल्या आठव्या हिश्शातच असे ३५ लाख कोटी तुकडे निघतात. आकार सर्वत्र सारखा ठेवण्यामागे हेतू होता : पुरवठादार बदलला, तरी आतली मांडणी मोडायला लागू नये आणि वाढीसाठी कोणापुढे कारणे देत बसावे लागू नये.

आता २०११कडे येऊ, कारण घोळ इथेच आहे. आरएफसी ६१७७ नार्टेन, ह्यूस्टन आणि रॉबर्ट्स यांनी लिहिला. त्याने स्लॅश ४८ हा सर्वांसाठी एकच ठरलेला आकार रद्द केला, हे खरे. दोन खोल्यांच्या घराला आणि मोठ्या कार्यालयाला एकाच मापाने द्यायचे कारण नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि ते रास्त होते. नोंदणीसंस्थांनी त्याआधीच लहान जागांसाठी स्लॅश ५६ची वाट मोकळी केली होती. त्यातही २५६ सबनेट मिळतात. पण आकार सैल करताना या दस्तऐवजाने तत्त्व आणखी घट्ट केले. जागेला अनेक सबनेट करता येतील इतका, म्हणजे एका स्लॅश ६४हून मोठा तुकडा सहज मिळायला हवा. वाढीचा अंदाज दहा वर्षांचा किंवा त्याहून लांबचा धरावा. थोडे-थोडे मागायचे आणि दर वेळी समर्थन द्यायचे, ही आयपीव्ही४ची रीत टाळावी. एकच पत्ता देण्याची जुनी शिफारसही त्याने काढून टाकली. म्हणजे वरची मर्यादा लवचीक झाली आणि खालची पायरी उंचावली. आपल्याकडच्या आराखड्यांनी यातले पहिले उचलले आणि दुसरे वाचलेच नाही.

ही चूक टिकते, कारण दुर्भिक्षात वाढलेल्यांना काटकसर हा नेहमीच सद्गुण वाटतो. रेशनच्या रांगेत तारुण्य गेलेली माणसे भरल्या घरातही साखर मोजून काढत. पण इथे काटकसर करण्याजोगी वस्तूच बदलली आहे. पत्ते विपुल आहेत. जपायची आहे ती जगभरच्या राउटरांवरची मार्गांची यादी. शाखेला स्लॅश ४८ऐवजी स्लॅश ६४ दिल्याने ती यादी एका ओळीनेही कमी होत नाही. उलट, स्लॅश ४८हून लहान तुकड्याचा मार्ग बहुतेक मोठी नेटवर्क स्वीकारतच नाहीत. त्यामुळे अशा शाखेला उद्या वेगळ्या पुरवठादारामार्फत थेट जोडायचे ठरले, तर तिचा पत्ता जगापर्यंत पोहोचणारच नाही.

शाखेच्या आत काय होते, तेही पाहावे. कर्मचाऱ्यांचे संगणक, कॅमेरे, फोन, पाहुण्यांचे वायफाय हे सगळे वेगवेगळ्या सबनेटमध्ये असायला हवे. हाती एकच स्लॅश ६४ असेल, तर तो आणखी चिरता येत नाही, कारण उपकरणांनी स्वतःचा पत्ता स्वतः घडवण्याची पद्धत ६४ बिटांवरच उभी आहे. मग सगळे एकाच सबनेटमध्ये कोंबतात आणि पाहुण्याचा मोबाइल कॅमेऱ्यांशेजारी येऊन बसतो. नाहीतर पत्ता-भाषांतराचा तोच जुना पडदा पुन्हा टांगतात, जो काढण्यासाठी ही सारी खटपट होती.

अनेक जागांच्या संस्थेचा हिशेब कसा मांडावा, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर एरिनच्याच आयपीव्ही६ नियमांत आहे. २००६पासून तिथे संस्थांना पुरवठादारावर न विसंबता स्वतःचे पत्ते मिळू लागले. पुढे नियम असा झाला की आकार जागांच्या संख्येवर ठरावा : १२ जागांपर्यंत स्लॅश ४४, १९२पर्यंत स्लॅश ४०, ३,०७२पर्यंत स्लॅश ३६. प्रत्येक टप्प्यावर पाऊण हिस्सा भरेपर्यंतच तो आकार, पुढे वरचा. जागांच्या या हिशेबात संगणकांची मोजणी कुठेच नाही. आणि एका आवारातल्या पाच इमारती म्हणजे एक जागा की पाच? नियम इमारती मोजत नाही, नेटवर्क कसे उभारले आहे ते पाहतो. आवाराला अनेक जागा म्हणायचे असेल, तर तशी तांत्रिक कागदपत्रे मागतो.

भारतात पत्ते द्यायचे काम निक्सीच्या आयआरआयएनएन या नोंदणीसंस्थेकडे आहे आणि ती आशिया-प्रशांतच्या एपनिक या नोंदणीसंस्थेच्या छत्राखाली चालते. अमेरिकेतला तक्ता तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण चाळीस शाखांच्या पतसंस्थेला किंवा शिक्षणसंस्थेला आपली गरज याच मापाने मांडता येते. अर्जात किंवा निविदेत संगणकांची यादी जोडण्याऐवजी शाखांची यादी जोडावी : कोणती शाखा कोणत्या पुरवठादाराशी जोडलेली आहे, उद्या कुठे दुसरी जोडणी येणार आहे आणि प्रत्येक ठिकाणी किती वेगळी सबनेट लागतील. पुरवठादाराकडूनच पत्ते घ्यायचे असतील, तर लहानातल्या लहान शाखेसाठीही स्लॅश ५६हून कमी स्वीकारू नये आणि स्वतंत्रपणे जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक शाखेसाठी पूर्ण स्लॅश ४८ मागावा. आरएफसी ६१७७चा हवाला समोरून आला, तर त्यातला दहा वर्षांच्या वाढीचा परिच्छेद उघडून हवाला देणाऱ्यापुढे ठेवावा.