नाव कुणाच्या मालकीचे?

2015 च्या ऑक्टोबरात आंध्र प्रदेशाच्या नव्या राजधानीची पायाभरणी झाली आणि तेव्हापासून देशाच्या बातम्यांतली 'अमरावती' आमची राहिली नाही. परप्रांतात गाव सांगताना 'महाराष्ट्रातली, विदर्भातली' असे जोडावे लागते. अकोलेकरांना ही कटकट जुनीच आहे. तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले आहे. पण तक्रार करायला जागा नाही. कृष्णेकाठच्या अमरावतीचा स्तूप दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि या दोन्ही गावांच्या आधी हे नाव इंद्राच्या नगरीचे. कुणी कुणाचे नाव घेतले हा वाद गावांच्या बाबतीत पोकळ आहे, हे आपल्याला लगेच पटते. माणसांच्या बाबतीत मात्र पटत नाही. नामवंताचे नाव लावणारा साधा माणूस आपल्याला नक्कल वाटतो. आणि खुद्द नामवंत कधी अचानक समोर आलाच, तर आपण त्याच्या नावालाच भेटून परत येतो. या दोन्ही सवयींचे मूळ एकच आहे, असे मला वाटते.

आधी भेटीचे पाहू. बडनेऱ्याला गाडीतून उतरलेला पाहुणा अमरावतीत शिरतो तो बहुतेक राजापेठेवरून. 2025 च्या एप्रिलात बेलोऱ्याचे विमानतळ सुरू झाले, तरी शहरात यायची वाट तीच. पुढारी, नट, गायक, क्रिकेटपटू, कीर्तनकार, सगळ्यांच्या गाड्या या चौकात थोड्या अडकतात. त्यामुळे राजापेठेतल्या चहाच्या टपरीवर अशा भेटींच्या कथांना तोटा नाही. 'म्या त्याईले एवढ्या जवळून पाह्यलं ना भाऊ!' अशी कथेची सुरुवात, आणि सोबत हाताने दाखवलेले अंतर. ते अंतर दरवेळी थोडे कमी होते. मग काच खाली झाली, ते हसले, त्यांनी हात केला. 'काय म्हणाले?' असे कुणी विचारलेच तर उत्तर येते, 'म्हणतीन काय? हासले ना!'

या कथेत नामवंताने काही केलेले नसते. सांगणाऱ्यानेही केलेले नसते. दोघे एका चौकात एका वेळी होते, एवढेच घडले. तरी ती वर्षानुवर्षे सांगितली जाते, कारण तिचा नायक गाडीतला माणूस नसून टपरीवरचा आहे. आपण कधी तरी थोरामोठ्यांच्या जगात होतो, याचा तो पुरावा असतो. पूर्वी पुराव्याला साक्षीदार लागे, आता सेल्फी पुरते. यात वाईट काही नाही. ज्याला रोज कुणी नावाने हाक मारत नाही, त्याला एका ओळखीच्या चेहऱ्याने हसून पाहिले तर ते त्याने का जपू नये? अडचण पुढची आहे. जवळून पाहणे म्हणजे ओळखणे, असे आपण धरून चालतो.

14 मे 2025 रोजी भूषण गवई यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली तेव्हा अमरावतीत अनेकांची त्यांच्याशी ओळख निघाली. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हाही हेच झाले होते. 1991 ते 1996 या काळात त्या अमरावतीच्या खासदार होत्या आणि सासर इथले. या अभिमानात रास्त भाग आहे. फ्रेजरपुऱ्यात वाढलेला, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला मुलगा देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला, हे त्या वस्तीतल्या आजच्या पोरांना कळायलाच हवे. पण 'आपले गवई साहेब' म्हणणाऱ्यांपैकी त्यांचा एखादा निकाल वाचलेले किती? त्यांच्या एका खंडपीठापुढे आलेला प्रश्न तर नेमका या लेखाचाच विषय होता. त्याकडे पुढे येऊ.

भेटीला अर्थ कशाने येतो, हे याच शहराने पाहिलेले आहे. 1927 च्या नोव्हेंबरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर अमरावतीत आले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. त्या परिषदेला गेलेल्यांनीही बाबासाहेबांना जवळून पाहिले असेल, पण ते घरी घेऊन गेले ते त्यांचे म्हणणे. आणि गाडगेबाबांनी तर दर्शनाची ही हौसच मोडून काढली होती. शेंडगावात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांचा चेहरा आज नोटिशीपासून विद्यापीठापर्यंत सगळीकडे आहे. प्रत्यक्षात ते गावात यायचे ते हातात खराटा घेऊन, अंगावर चिंध्या आणि डोक्यावर गाडग्याचे खापर. आल्याबरोबर गाव झाडायला लागायचे. रात्री कीर्तनाला बसलेल्या लोकांना कळायचे की सकाळी आपल्या दारासमोर झाडत होता तोच हा. पाया पडायला येणाऱ्याला बाबा जवळ फिरकू देत नसत. माझ्या अंगाला हात लावून तुझे काही होणार नाही, सांगतो ते कर, हा त्यांचा हिशेब होता. त्यांना ज्यांनी सकाळी ओळखले नाही, त्यांचे काहीही बिघडले नाही. रात्री ऐकून ज्यांनी दारू आणि कर्ज काढून केलेले सण सोडले, त्यांची भेट खरी झाली.

आता नावाकडे. राजापेठच्या बसस्थानकावर उभे राहून 'गजानन' अशी हाक मारली तर दोन-चार जण तरी वळून पाहतील. शेगावला 1878 मध्ये प्रकटलेल्या आणि 1910 मध्ये समाधिस्थ झालेल्या महाराजांच्या नावाचा माणूस वऱ्हाडात प्रत्येक गल्लीत आहे. त्यांच्यापैकी कुणाला कोणी हसत नाही. 'तू कसला गजानन?' असे विचारत नाही. गजानन वाण्याकडे उधारी थकवतो, गजानन परीक्षेत नापास होतो, तरी महाराजांच्या नावाला काही होत नाही. पण याच गावात एखाद्या पोराचे नाव आणि आडनाव क्रिकेटपटूशी किंवा नटाशी जुळले, की शाळेच्या हजेरीपासून बँकेच्या खिडकीपर्यंत त्याचा जन्म खुलाशात जातो. बाई हजेरी घेताना थांबतात, वर्ग हसतो. कारकून ओळखपत्र दोनदा पाहतो. 2007 नंतर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या प्रतिभा पाटलांनी हे भोगले असणारच. दोन्ही शब्द इतके नेहमीचे, की त्या नावाच्या बायका राष्ट्रपतींच्या आधीही होत्या आणि पुढेही राहतील.

हा फरक का पडतो? संताचे नाव आपण सर्वांचे मानतो. ते ठेवलेच जाते पसरावे म्हणून. भागवतातला अजामिळ मरताना आपल्या धाकट्या मुलाला हाक मारतो, 'नारायणा!' आणि विष्णूचे दूत धावत येतात. खुद्द देवाला नामसाधर्म्याची अडचण झाली नाही. मुलाला मारलेली हाक त्याने आपली मानली. नामवंताचे नाव मात्र आपण त्याची खासगी मिळकत समजतो आणि त्या नावाच्या दुसऱ्या माणसाला अतिक्रमण करणारा ठरवतो. वास्तविक नाव कमावता येत नाही, गाजवता येते. दोघांनाही ते आईबापांनी दिलेले असते, आणि ठेवताना कोण गाजणार हे दोन्ही घरांत कुणाला माहीत नसते.

शिवाय गाजणे टिकतेच असे नाही. वऱ्हाडात 'पंजाबराव' म्हटले की एके काळी एकच माणूस डोळ्यांपुढे येई: पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभारणारे, पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले भाऊसाहेब. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचे. आज बांधावर 'पंजाबराव काय म्हन्ते?' असे कुणी विचारले तर तो बहुधा पावसाचा अंदाज सांगणाऱ्या पंजाबराव डखांबद्दल विचारत असतो. दोघांचाही संबंध शेतकऱ्याशी, दोघांचेही नाव एकच, आणि कुणी कुणाचे हिरावून घेतलेले नाही. 'दादासाहेब' ही उपाधी तर एकट्या अमरावतीत दोघांनी लावली. लोकमान्यांचे सहकारी गणेश श्रीकृष्ण खापर्डे दादासाहेब, आणि विधान परिषदेचे सभापती व पुढे राज्यपाल झालेले रा. सू. गवईही दादासाहेब.

नावाच्या मालकीची ही समजूत विनोदापुरती असती तर लेख लिहायचे कारण नव्हते. निवडणुकीत तिची किंमत मोजावी लागते. 2004 मध्ये केरळातल्या अलप्पुळा मतदारसंघात काँग्रेसचे व्ही. एम. सुधीरन 1009 मतांनी पडले. त्यांच्याशी जुळणाऱ्या नावाच्या अपक्षाला 8 हजारांवर मते होती. 2014 मध्ये रायगडात सुनील तटकरे 2110 मतांनी हरले. सुनील तटकरे नावाच्याच अपक्षाने त्याहून कितीतरी जास्त, 9 हजारांवर मते घेतली. मधले नाव तेवढे वेगळे होते. 2024 मध्ये दिंडोरीत भास्कर भगरे निवडून आले खरे, पण त्याच आडनावाच्या आणि मिळत्याजुळत्या चिन्हाच्या अपक्षाला लाखावर मते पडली. असे उमेदवार उभे राहतात त्यापेक्षा उभे केले जातात, हे मतदारसंघात सर्वांना ठाऊक असते.

म्हणून 2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे याचिका आली: नामसाधर्म्याच्या उमेदवारांना आळा घाला. न्या. भूषण गवई, न्या. सतीशचंद्र शर्मा आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने ती ऐकायला नकार दिला. खंडपीठाचा रोख साधा होता. एखाद्याच्या आईबापांनी त्याचे नाव राहुल गांधी किंवा लालूप्रसाद यादव ठेवले असेल, तर तेवढ्यावरून त्याचा निवडणूक लढवण्याचा हक्क कसा काढून घेणार? याचिका मागे घेण्यात आली.

मला हा निर्णय योग्य वाटतो. उलट निर्णय लागला असता तर नामवंतांच्या नावाच्या हजारो माणसांचे नागरिकत्व एका पायरीने खाली आले असते. नामवंतांच्या हक्कांची बाजू न्यायालये घेतातच. 2022 मध्ये अमिताभ बच्चन आणि 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या नावाचा, आवाजाचा, छबीचा परवानगीशिवाय धंद्यासाठी होणारा वापर दिल्ली उच्च न्यायालयाने रोखला. तेही बरोबर आहे, कारण तिथे नाव वापरून फसवणूक होत होती. नाव असणे आणि नाव वापरणे यांतली ही रेघ पुसू द्यायची नाही. आणि नुसत्या नावावर माणूस तोलला की नामवंतही त्यातून सुटत नाहीत. 2004 मध्ये अमेरिकी सिनेटर एडवर्ड केनेडी यांना विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवले गेले, कारण संशयितांच्या यादीत तसे एक नाव होते. 2009 च्या ऑगस्टात शाहरुख खान यांना नेवार्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवून ठेवले, आणि आपल्या आडनावामुळेच हे झाले अशी त्यांची तक्रार होती. कोट्यवधी लोक ज्याला चेहऱ्याने ओळखतात, तो यंत्रापुढे चारचौघांसारखाच एक खान होता.

याचिकाकर्त्याचे दुखणे मात्र खरे आहे आणि त्याचा इलाज झाला पाहिजे. तो इलाज नावावर बंदी घालून होणार नाही, नावामागच्या हाताचा शोध घेऊन होईल. लोकसभेच्या अपक्ष उमेदवाराला 10 सूचक लागतात, 25 हजारांपर्यंतची अनामत लागते, आणि निवडणुकीनंतर खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. ज्याने प्रचाराची एकही सभा घेतली नाही, त्याची अनामत कुणी भरली, सूचक कुणाच्या कार्यालयातून आले, हे आयोगाने ठरवले तर तपासता येण्याजोगे आहे. दोष सापडला तर असा उमेदवार उभा करणाऱ्याला शिक्षा व्हावी. बिचाऱ्या सह्या करणाऱ्यावर सगळे ढकलून मोकळे होऊ नये. दोन उमेदवारांची नावे सारखी असतील तर व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडून ती वेगळी करावीत, असा 1961 च्या निवडणूक नियमांत नियमही आहे. तो ठळकपणे पाळला जावा. 2015 पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो येतो, आणि 2025 मध्ये आयोगाने तो रंगीत व मोठा करायचे ठरवले. एवढे झाल्यावर उरलेले काम मतदाराचे आहे.

आणि तेच काम राजापेठेच्या चौकात, शाळेच्या वर्गात, बँकेच्या खिडकीशी आपल्यापैकी प्रत्येकाचे आहे. मराठी माणसाच्या नावात बापाचे नाव असते, आडनाव असते, आणि विचारले तर गावही सांगितले जाते. ओळख पटवायला एवढे पुरते. पुढच्या वेळी एखाद्या नामवंताच्या नावाचा साधा माणूस समोर आला तर हसू नका, त्याचे पूर्ण नाव आणि गाव विचारा. आणि खुद्द नामवंतच भेटला तर फोटो अवश्य काढा, पण त्याने केलेले एखादे काम आपल्याला माहीत आहे का, हे आधी स्वतःला विचारा. माहीत नसेल तर भेट झाली, असे सांगू नका.